नऊ दिवसांचा काढा

लघवीच्या संसर्गावर नऊ दिवस घरीच काढा घेत राहिलेल्या एका बाईंनी वही ठेवली होती. वय ४६, काम हिशेबनिसाचं, त्यामुळे सगळ्याची नोंद करायची सवय. त्यांना अतिदक्षता विभागात घेतलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मुलीने ती वही माझ्या हातात दिली. मला या प्रकरणाबद्दल जे सांगायचं आहे, त्यातलं बरंचसं वहीतल्या नऊ ओळींत आहे. म्हणून आधी त्या ओळी, जशा होत्या तशा.

१. लघवीला जळजळ. सारखं जावं लागतंय. काढा सुरू, दिवसातून तीनदा.
२. तसंच. पाणी वाढवलं.
३. जळजळ निम्मी. लागू पडतोय.
४. बरंच बरं. लघवी गढूळ.
५. डावी कूस धरली. बसून बसून असेल.
६. रात्री हुडहुडी. दोन पांघरुणं घेतली. सकाळी ताप १००.८.
७. ताप १०२.४. काढा चारदा केला.
८. उलट्या. काढा पोटात ठरत नाही. लघवी कमी.
९.

नवव्या आकड्यापुढे शब्द नाही. पेनाची एक रेघ पानाच्या कडेपर्यंत घसरत गेली आहे. त्या दुपारी त्यांनी मुलीला तिच्या लहानपणीच्या नावाने हाक मारली आणि शाळेतून कधी आलीस म्हणून विचारलं. मुलगी एकवीस वर्षांची आहे. ती तशीच आईला घेऊन आमच्या रुग्णालयात आली.

आणलं तेव्हा नाडी मिनिटाला १२८, रक्तदाब ८४/५०, श्वास मिनिटाला २८. ताप नव्हता, उलट अंग गार होतं, ९६.६. घरच्यांना हे चांगलं लक्षण वाटलं होतं. दोन दिवस तापलेलं अंग अचानक गार पडतं, माणूस घामेजतो आणि भ्रमिष्टासारखं बोलू लागतो, तेव्हा ताप उतरलेला नसतो. शरीराची ताप आणण्याची ताकद संपत आलेली असते. डाव्या बरगडीखाली पाठीवर हलकीशी थाप मारली तर बाई त्या अवस्थेतही कळवळल्या. रक्तात पांढऱ्या पेशी वाढून २३,४००, प्लेटलेट घटून ८२,०००, मूत्रपिंडाचं काम मंदावल्याचं सांगणारं क्रिएटिनिन ३.१, अवयवांना रक्त कमी पडल्याचं सांगणारं लॅक्टेट ४.६. लघवीत सूक्ष्मदर्शकाखाली सगळीकडे पूपेशीच. सोनोग्राफीत डावं मूत्रपिंड फुगलेलं आणि आत गढूळ द्रव. सीटी स्कॅनमध्ये कारण दिसलं: मूत्रपिंडातून मूत्राशयाकडे लघवी नेणाऱ्या नळीत, म्हणजे मूत्रवाहिनीत, वरच्या भागात ८ मिलिमीटरचा खडा अडकला होता.

तीन वर्षांपूर्वी दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत त्याच मूत्रपिंडात ६ मिलिमीटरचा खडा दिसला होता. त्रास नव्हता म्हणून त्यांनी तो मनावर घेतला नाही. तेव्हा त्यांना त्याबद्दल फारसं कुणी सांगितलंही नसावं.

निदान होतं ते असं: खड्याने अडवलेल्या मूत्रपिंडात पू, तिथून जंतू रक्तात, आणि त्यातून सेप्सिस. सेप्सिसची २०१६ साली ठरलेली व्याख्या आजही वापरली जाते. संसर्गाला शरीराने दिलेला प्रतिसाद हाताबाहेर जातो आणि शरीराचेच अवयव त्यात बंद पडू लागतात, अशी ती जीवघेणी अवस्था. २०१७ या एका वर्षात जगभरात सुमारे ४.८९ कोटी लोकांना सेप्सिस झाला आणि सुमारे १.१ कोटी त्यात गेले, असा अंदाज आहे. हे आकडे मी व्याख्यानांत अनेकदा सांगितले आहेत. पण पेनाच्या त्या घसरलेल्या रेघेने मला जितकं थांबवलं, तितकं त्या आकड्यांनी कधी थांबवलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी बरं का वाटलं

या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती तिसरी ओळ. जळजळ निम्मी, लागू पडतोय. हे खोटं नव्हतं आणि मनाचा खेळही नव्हता. त्यांना खरंच बरं वाटलं.

मूत्राशयाच्या संसर्गात जळजळ होते ती सुजलेल्या अस्तरावरून दाट, जंतूंनी भरलेली लघवी जाते म्हणून. काढ्याच्या निमित्ताने बाई दिवसाला तीन-साडेतीन लिटर पाणी पीत होत्या. लघवी पातळ झाली, दर तासाला बाहेर पडू लागली, मूत्राशयातले जंतू काही प्रमाणात धुऊन गेले. अनेक वनस्पतींत सूज आणि दुखणं थोडं कमी करणारे घटक असतात, त्यांचाही हातभार लागला असेल. शिवाय या संसर्गाचा स्वतःचा चढउतार असतो. मूत्राशयापुरता असलेला साधा संसर्ग काही स्त्रियांमध्ये कोणत्याही औषधाशिवाय आठवडाभरात आटोपतो. आपल्या पेशी काम करत असतात, श्रेय काढ्याला मिळतं.

पण जळजळ मूत्राशयाची होती. खडा होता त्या मूत्रपिंडाकडे जंतू चढत होते, आणि मूत्रपिंडाला जळजळ होत नाही. तिथे दुखतं ते कुशीत, मुकं आणि जड. बाईंनी ते पाचव्या दिवशी नोंदवलं आणि खुर्चीवर ढकललं. त्यांना दोष देणं सोपं आहे. पण ज्या माणसाला आदल्या दिवशी बरं वाटलं आहे, तो नव्या दुखण्याचा संबंध जुन्या आजाराशी का जोडेल? पहिला आजार त्याच्या लेखी संपत आलेला असतो. काढ्याने या प्रकरणात कुठे नुकसान केलं असं मला कुणी विचारलं, तर मी चौथ्या आणि पाचव्या ओळीच्या मधल्या जागेवर बोट ठेवीन.

मूत्रमार्गाच्या साध्या संसर्गात चारपैकी तीन वेळा तरी ई. कोलाय हा जंतू सापडतो. इथेही तोच निघाला, लघवीत आणि रक्तातही. त्याच्या अंगावर बारीक केसांसारखे तंतू असतात. त्यांनी तो मूत्रमार्गाच्या अस्तराला चिकटून बसतो आणि प्रवाहाविरुद्ध वर सरकतो. भरपूर पाणी पिऊन सुटे जंतू वाहून जातात, चिकटलेले राहतात. पाचव्या दिवसाच्या आसपास खडा मूत्रवाहिनीत उतरून अडकला असावा. त्यानंतर डावं मूत्रपिंड बंद खोली झालं. वरून लघवी तयार होत राहिली, खाली जायला वाट नाही, आत जंतू. सातव्या दिवशी काढा तीनाचा चार वेळा झाला. त्यात लघवी वाढवणाऱ्या वनस्पती होत्या. वाट बंद असताना लघवी वाढवली की बांधाच्या मागचं पाणी वाढतं, दाब वाढतो, आणि त्या दाबाने जंतू रक्तात ढकलले जातात.

पोचणं आणि पुरणं

घरच्यांनी मला नंतर विचारलं ते असं: "हळद जंतू मारते, लसूण मारतो, हे प्रयोगशाळेत सिद्ध झालंय ना?" झालंय. काचेच्या बशीत हळदीतलं कर्क्युमिन ई. कोलायची वाढ रोखतं. पण त्यासाठी सहसा एका मिलिलिटरमागे शंभर मायक्रोग्रॅमच्या पुढे कर्क्युमिन लागतं. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी माणसांना एका वेळी २ ग्रॅम कर्क्युमिन दिलं, तर रक्तात ते जवळजवळ सापडलंच नाही. सोबत मिऱ्यातलं पिपरिन दिल्यावर उपलब्धता वीस पटींनी वाढली. हा वीस पटींचा आकडा सगळीकडे सांगितला जातो. त्याच्या पुढचं कुणी सांगत नाही: वीस पटींनी वाढूनही रक्तातलं प्रमाण मिलिलिटरला एका मायक्रोग्रॅमच्या पाचव्या हिश्श्यापलीकडे गेलं नाही. लागतात शंभर, मिळतो पाव सुद्धा नाही. आणि हे रक्तातलं, पू भरलेल्या मूत्रपिंडात तर रक्तच नीट पोचत नसतं.

लसणाचं तसंच. त्यातलं अ‍ॅलिसिन जंतुनाशक आहे, १९४४ साली ते वेगळं काढलं तेव्हाच हे दिसलं होतं. पण लसूण खाल्ल्यावर रक्तात अ‍ॅलिसिन सापडत नाही. ते इतकं चंचल आहे की वाटेतच त्याचे दुसरे पदार्थ होतात.

वरवरच्या जखमेवर एखादा पाला थेट बांधता येतो. तिथे औषध आणि जंतू समोरासमोर असतात. आतल्या संसर्गात तेच औषध आधी जठरातून, मग आतड्यातून, मग यकृतातून जातं. यकृत त्याचं रूप बदलतं, बराचसा भाग निकामी करून बाहेर टाकतं, आणि उरलेलं पाच लिटर रक्तात पातळ होतं. एवढ्यातून ते ज्या अवयवात जंतू आहे तिथे, जंतूला पुरेल इतकं आणि पुरेल इतका वेळ टिकावं लागतं.

ही अट फक्त वनस्पतींना लागू नाही, हे मी त्यांना मुद्दाम सांगितलं. नायट्रोफ्युरँटॉइन हे मूत्राशयाच्या संसर्गावरचं उत्तम अँटिबायोटिक आहे. पाच दिवसांत काम होतं. पण तेच औषध मूत्रपिंडाच्या संसर्गात आम्ही देत नाही, कारण ते लघवीत साठतं आणि मूत्रपिंडाच्या ऊतींमध्ये पुरेसं उतरत नाही. जंतू तोच, औषध तेच, दोन वीत वर सरकल्यावर निरुपयोगी.

आणि पेनिसिलिनची सुरुवात तर याहून बोलकी आहे. अलेक्झांडर फ्लेमिंग या शास्त्रज्ञाने १९२८ साली बुरशीभोवती जंतू मेलेले पाहिले. १९४१ च्या फेब्रुवारीत ऑक्सफर्डला अल्बर्ट अलेक्झांडर या पोलिसाला ते पहिल्यांदा उपचार म्हणून टोचलं. चेहऱ्यापासून फुप्फुसापर्यंत पसरलेला संसर्ग होता. चारपाच दिवसांत ताप उतरला, तो जेवू लागला. मग साठा संपला. त्याच्या लघवीतून पेनिसिलिन परत गाळून काढून त्यालाच टोचलं गेलं, तेही पुरलं नाही. संसर्ग उलटला आणि १५ मार्चला तो गेला. औषध शंभर टक्के खरं होतं, प्रमाण आणि मुदत अपुरी पडली. मला काढ्याबद्दल बोलताना नेहमी तो पोलीस आठवतो.

वनस्पतींमध्ये जंतूंवरची औषधं नाहीत असं म्हणणाऱ्याला इतिहास माहीत नाही. सिंकोना झाडाच्या सालीतून १८२० साली हिवतापावरचं क्विनिन वेगळं काढलं गेलं. आर्टेमिसिनिन तर जुन्या चिनी ग्रंथातल्या वनस्पतीतून आलं. उकळल्याने गुण जात असावा, हे तू यूयू या चिनी शास्त्रज्ञ बाईंनी त्या ग्रंथातल्या एका ओळीवरून ओळखलं, कमी तापमानाला ईथर वापरून अर्क काढला आणि त्यांना २०१५ साली नोबेल मिळालं. हिवतापाने मरणारी असंख्य माणसं त्यामुळे वाचली. पण त्याच वनस्पतीचा चहा करून हिवतापावर घेऊ नका, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, कारण त्यात आर्टेमिसिनिन किती उतरेल याचा भरवसा नसतो.

चाचणी काय म्हणते

मूत्रमार्गाच्या संसर्गावर वनस्पतीची नीट चाचणी झालीच नाही असंही नाही. जर्मनीत बेअरबेरी या झुडपाच्या पानांच्या अर्काची झाली, २०२१ साली प्रसिद्ध झाली. मूत्राशयापुरता साधा संसर्ग असलेल्या ३९८ स्त्रिया, ताप किंवा कूसदुखी असलेल्यांना मुळातच घेतलं नव्हतं. अर्ध्यांना बेअरबेरी, अर्ध्यांना फॉस्फोमायसिन हे अँटिबायोटिक. बेअरबेरीच्या गटात अँटिबायोटिकचा वापर जवळपास ६४ टक्क्यांनी घटला. ही लहान गोष्ट नाही, तिला नाक मुरडणारे डॉक्टर मला आवडत नाहीत. पण त्या गटातल्या स्त्रियांना त्रास जास्त झाला, आणि मूत्रपिंडापर्यंत संसर्ग चढला तो बेअरबेरीच्या गटात आठ जणींना, दुसऱ्या गटात दोघींना. तेही निवडून घेतलेल्या निरोगी स्त्रियांमध्ये, डॉक्टरांची नजर असताना. आमच्या बाईंच्या पोटात खडा होता आणि नजर ठेवायला वही होती.

क्रॅनबेरी या आंबट फळाचं वेगळं. कॉक्रेन ही संस्था वैद्यकीय अभ्यासांचे आढावे घेते; तिच्या २०२३ च्या आढाव्यात ५० अभ्यास एकत्र केले आहेत. ज्यांना वारंवार संसर्ग होतो अशा स्त्रियांमध्ये पुढचा संसर्ग होण्याची शक्यता ती साधारण एक चतुर्थांशाने कमी करते. हे टाळण्याबद्दल आहे. एकदा झालेला संसर्ग तिने बरा होतो, असा त्याचा अर्थ काढू नये.

माझी चूक

बाईंना आणलं तेव्हा मी मुलीला विचारलं, "घरी काय काय पाला-मुळ्या दिल्यात?" आवाजात राग होता. ती म्हणाली, "काही नाही." क्रिएटिनिन ३.१ का, हे कोडं मी एक रात्र अर्धवट माहितीवर सोडवत बसलो. सकाळी ती वही घेऊन आली आणि म्हणाली, "काल तुम्ही ओरडाल असं वाटलं."

ती माहिती नुसती चौकशी म्हणून हवी नव्हती. काही वनस्पतींत अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल असतं, ते मूत्रपिंड कायमचं बाद करतं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वजन कमी करायच्या गोळ्यांत एका वनस्पतीच्या जागी चुकून अशीच दुसरी आली आणि शंभराहून अधिक जणांची, बहुतेक स्त्रियांची, मूत्रपिंडं निकामी झाली. काही पुड्यांत वेदनाशामक किंवा स्टिरॉइड मिसळलेलं सापडतं. अशी भेसळ तापही झाकते, दुखणंही झाकते आणि अडलेल्या मूत्रपिंडावर आणखी भार टाकते. बाईंच्या पाकिटावर घटकांची नावं होती, प्रमाण कशाचंच नव्हतं. मी नीट विचारलं असतं तर ते पाकीट बारा तास आधी माझ्या टेबलावर असतं. तेव्हापासून मी एवढंच विचारतो: "बरं वाटावं म्हणून घरी काय काय करून पाहिलंत? तेही सांगा, मला उपयोगी पडेल." उत्तर मिळतं.

शुद्धीवर आल्यावर तिसऱ्या दिवशी बाई स्वतःच म्हणाल्या, "डॉक्टर, मला वेड लागलं नव्हतं." दोन वर्षांपूर्वी घसा दुखला म्हणून त्यांना अँटिबायोटिकचा जोरदार कोर्स दिला गेला होता. त्यानंतर दहा दिवस जुलाब, अंगात त्राण नाही. प्रौढांमधली घसादुखी बहुतेक वेळा विषाणूची असते, तिथे अँटिबायोटिक काहीच करत नाही. बहुधा त्यांना ते लागतच नव्हतं. शिवाय औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंबद्दल त्यांनी वाचलं होतं, आणि ते खरंच आहे, २०१९ साली अशा जंतूंमुळे जगात सुमारे १२.७ लाख मृत्यू झाले असा अंदाज आहे. म्हणजे त्यांचा निर्णय अडाणीपणातून आला नव्हता. आमच्याच क्षेत्रातल्या कुणीतरी नको तिथे दिलेल्या औषधाने त्यांना हव्या त्या औषधापासून दूर नेलं होतं. हे मी त्यांना तसंच सांगितलं.

उपचार आणि पुढे

रक्ताचे नमुने घेऊन चाळिसाव्या मिनिटाला शिरेतून अँटिबायोटिक सुरू झालं. सलाईन पावणेदोन लिटर, तरी रक्तदाब धरेना म्हणून तो वर आणणारं नॉरअ‍ॅड्रेनॅलिन. सेप्टिक शॉकमध्ये, म्हणजे सेप्सिसने रक्तदाब कोसळतो तेव्हा, तो पडल्यानंतर योग्य औषधाला होणारा प्रत्येक तासाचा उशीर जगण्याची शक्यता सरासरी ७.६ टक्क्यांनी कमी करतो, असं २००६ च्या एका मोठ्या निरीक्षणात दिसलं होतं. 

पण अँटिबायोटिकनेही एकट्याने भागणार नव्हतं. अडलेल्या पुवात औषध शिरत नाही, पू बाहेर काढावाच लागतो. पाचव्या तासाला रेडिऑलॉजिस्टने सोनोग्राफीत पाहत पाठीतून मूत्रपिंडात बारीक नळी घातली. आधी काही आलं नाही. मग घट्ट, पिवळट-हिरवा पू थेंबाथेंबाने पिशवीत उतरू लागला, साठेक मिलिलिटर, आणि त्यामागून गढूळ लघवी. मुलगी काचेतून बघत होती. रात्री दोनच्या सुमारास रक्तदाब स्वतःच्या बळावर ९८ झाला.

कल्चरचा, म्हणजे जंतू वाढवून त्याला कोणतं औषध लागू पडतं ते पाहणाऱ्या तपासणीचा, अहवाल आला तेव्हा मला वाईट वाटलं. जंतू कशालाच दाद देत नाही असा नव्हता. यादीतल्या जवळजवळ प्रत्येक औषधाला तो मरत होता. पहिल्या दोन-तीन दिवसांत, कूस धरण्याआधी, साध्या गोळ्यांनी तो बहुधा आटोपला असता.

चार दिवस अतिदक्षता, एकूण अकरा दिवस रुग्णालय, चौदा दिवस अँटिबायोटिक. पाचव्या आठवड्यात दुर्बिणीने खडा काढला, नळी निघाली. सहाव्या आठवड्यात क्रिएटिनिन १.१.

घरी जाताना त्यांनी वहीचं नवं पान काढलं आणि मला म्हणाल्या, "काय झालं की थांबायचं नाही, ते सांगा. मी लिहून घेते." मी सांगत गेलो: लघवीच्या त्रासासोबत ताप किंवा हुडहुडी. कूस दुखणं. उलटी. लघवी कमी होणं. बोलण्यात गोंधळ. खडा माहीत असेल, गरोदरपण असेल, मधुमेह असेल तर यातलं काही नसतानाही पहिल्याच दिवशी. आणि दोन दिवसांत जळजळ पूर्ण गेली नाही तर लघवीची तपासणी. क्रॅनबेरी घेऊ का, असं त्यांनी विचारलं. घ्या म्हटलं, पुन्हा होऊ नये म्हणून घ्या, पण झाल्यावर तिच्या भरवशावर बसू नका.

सात महिन्यांनी त्या पुन्हा आल्या, जळजळीच्या पहिल्याच दिवशी. ताप नव्हता, कूस मोकळी होती, सोनोग्राफीत खडा नव्हता. लघवी कल्चरला पाठवली, नायट्रोफ्युरँटॉइन पाच दिवस दिलं, चौथ्या दिवशी बऱ्या झाल्या. त्याच वेळी मूत्रपिंडाचा स्कॅन करून घेतला. डाव्या बाजूला वरच्या टोकाला व्रण आहे. दोन्ही मिळून जेवढं काम होतं त्यातलं ३८ टक्के आता डावं मूत्रपिंड करतं, बाकीचं उजवं. रक्तदाब आणि क्रिएटिनिन दर वर्षी पाहायचं ठरलं आहे. तारीख त्यांनी वहीत लिहून घेतली.